घरी जोडलेला टीव्ही-रेकॉर्डर : पुरानी बस्तीच्या गच्चीवरून

आजचा भाग थोडा तारा-खिळ्यांचा आहे, पण आहे इतिहासाचाच. साधारण 2002 ते 2012 या दहा वर्षांत जगभरच्या हौशी लोकांनी एक उद्योग केला. साधा संगणक घ्यायचा, त्यात टीव्हीचं कार्ड बसवायचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालायचं आणि टीव्हीवरचे कार्यक्रम आपोआप साठवणारं यंत्र घरच्या घरी तयार करायचं. कोणतं कार्ड, कोणती डिस्क, कोणतं सॉफ्टवेअर, यावर तेव्हा रात्र-रात्र खल चालायचा. आज तो सगळा खल जुना झाला. तरी मला तो पुन्हा काढायचा आहे, कारण तेव्हा ज्यांनी जी निवड केली तिच्यावर आज त्यांच्याकडे काय उरलं हे ठरलेलं आहे.

आणि हे सगळं मी रायपूरला, तेही पुरानी बस्तीत नेऊन ठेवणार आहे. पुणे-मुंबईच्या श्रोत्यांना वाटेल, तिथे कशाला? सांगतो.

रायपूरशी मराठी माणसाचा संबंध कालपरवाचा नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजीराजे 1758 मध्ये रतनपूरला येऊन राहिले आणि छत्तीसगडावर मराठ्यांचा थेट अंमल सुरू झाला. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू यांनी कारभार रतनपूरहून रायपूरला हलवला. पुरानी बस्ती म्हणजे महामाया मंदिर, जैतूसाव मठ, दूधाधारी मठ यांच्या आसपासचं जुनं गाव. जवळच बूढापारा आणि नावातच तात्या घेऊन बसलेला तात्यापारा. हिंदी पत्रकारितेतलं मोठं नाव माधवराव सप्रे याच शहरात राहिले आणि 1926 मध्ये इथेच गेले. टिळकांचा ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे ते हेच. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. मग राज्यांची फेररचना झाली, विदर्भ एकीकडे गेला आणि रायपूरची मराठी घरं दुसरीकडे राहिली. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, घरात मराठी.

आता टीव्हीकडे येऊ. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात भारताने अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह वापरून ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतली सुमारे 2400 खेडी निवडली, प्रत्येक खेड्यात एक सार्वजनिक संच ठेवला आणि उपग्रहावरून थेट कार्यक्रम दाखवले. या कामात आपले एकनाथ वसंत चिटणीस आघाडीवर होते, मूळचे कोल्हापूरचे. मध्य प्रदेशातला खेड्यांचा गट रायपूरच्या आसपासचा होता. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांनी टीव्ही डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्या वर्षी रायपूरजवळच्या खेड्यांत तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री आभाळाकडे तोंड करून उभी होती. प्रयोग संपल्यावर 1977 मध्ये जमिनीवरचे प्रक्षेपक ज्या मोजक्या ठिकाणी बसवले त्यात रायपूर होतं. नागपूरला दूरदर्शन 1982 साली आलं. ही गोष्ट मी नागपूरकरांना मुद्दाम सांगतो, त्यांना ती आवडत नाही.

पण रायपूरच्या प्रक्षेपकावरून जे येत होतं ते हिंदी. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, त्यावर मराठी नाटकं, मालिका, गाणी, सगळं होतं. ते रायपूरपर्यंत पोचण्याचा मार्ग नव्हता. पडद्यावरची मराठी इथे आली ती फार उशिरा, उपग्रहावरून. आणि जी गोष्ट उशिरा येते, ठरावीक वेळेलाच येते आणि पुन्हा येईल की नाही ते माहीत नसतं, ती धरून ठेवावीशी वाटते. मुंबईच्या माणसाने रेकॉर्डिंग केलं ते सोयीसाठी, कचेरीतून उशीर होतो म्हणून. रायपूरच्या मराठी घराला त्याहून जास्त कारण होतं.

धरून ठेवण्याची गरज खुद्द दूरदर्शनलाही होती, पण ते जमलं नाही. सुरुवातीच्या काळात टेप महाग, म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्यावर नवा घेत. मुंबई दूरदर्शनवरची ‘चिमणराव’ मालिका ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात, पण तिचे फार थोडे भाग हाती राहिले. आपल्याकडेच असं झालं असं समजू नका. बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे कितीतरी जुने भाग पुसून टाकले, मात्र त्या सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण तेव्हा काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ, 2012 मध्ये त्या वारल्या तोपर्यंत, दिवसरात्र बातम्या रेकॉर्ड केल्या. हजारो कॅसेटी. घरच्यांना त्याचा ताप झाला तो वेगळा. हे वेड आहे की दूरदृष्टी, यावर मी माझं मत राखून ठेवतो.

तर समजा, 2005 साल आहे आणि पुरानी बस्तीतल्या एका मराठी घराला असं यंत्र जोडायचं आहे. कुठून सुरुवात करायची? बहुतेक लोक सुरुवात संगणकापासून करायचे, आणि तिथेच घोळ व्हायचा. सुरुवात करायची ती घरात येणाऱ्या वायरीपासून. सिग्नल कोणता आहे, यावर बाकी सगळं ठरतं.

पहिला प्रकार केबलवाल्याची ॲनालॉग वायर. तिच्यासाठी स्वस्तात स्वस्त कार्ड म्हणजे बीटी-878 या चिपचं. बाजारात वेगवेगळ्या नावांची डझनभर कार्डं होती, आत चिप बहुधा हीच. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर उत्तम होता. अडचण अशी की ही चिप चित्र पकडते आणि तसंच कच्चं संगणकाच्या अंगावर टाकते. हिशेब करून बघा. आपल्या पॅल पद्धतीत 720 गुणिले 576 ठिपक्यांची सेकंदाला 25 चित्रं. एका ठिपक्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला सुमारे 20 मेगाबाइट, तासाला जवळपास 75 गिगाबाइट. त्या वेळी घरातल्या अख्ख्या डिस्कची क्षमता 80 गिगाबाइट असायची. म्हणजे चित्र येता येता दाबून लहान करणं भाग, आणि ते काम मुख्य प्रोसेसरने करायचं. त्याच वेळी घरात कोणी दुसरं काही चालू केलं की चित्रं गळायची.

आवाजाचं दुखणं आणखी वेगळं. या कार्डातून आवाज एका छोट्या तारेने साउंड कार्डाकडे जायचा. चित्राचं घड्याळ एकीकडे, आवाजाचं दुसरीकडे, दोन्हींत किंचित फरक. अर्ध्या तासाच्या मालिकेत तो जाणवत नाही. पण तीन अंकी नाटक लावा. तिसऱ्या अंकात नायिकेचे ओठ आधी हलतात आणि वाक्य मागून येतं. सॉफ्टवेअर हा फरक भरून काढायचा प्रयत्न करी, नेहमी जमत नसे.

म्हणून ज्याला परवडेल त्याने स्वतःच एमपेग-2 मध्ये दाबणारं कार्ड घ्यावं, असा सल्ला तेव्हा सगळे जाणकार देत. हॉपॉगचं पीव्हीआर-250 हे त्यातलं गाजलेलं. आवाज आणि चित्र एकाच ठिकाणी, एकाच घड्याळावर बांधलं जायचं. सेकंदाला 6 मेगाबिटचा वेग ठेवला तर तासाला 2.7 गिगाबाइट. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, जुना संगणकही चालतो. फक्त अमेरिकेहून कोणी भावाने-मेहुण्याने आणून दिलेलं कार्ड असेल तर आधी बघायचं, की ते तिकडच्या एनटीएससी पद्धतीचं तर नाही. तसं असलं तर त्याचा ट्यूनर इथल्या केबलपुढे मुका बसे.

आता दुसरा प्रकार, आणि माझ्या मते रायपूरसाठी खरा. 16 डिसेंबर 2004 ला दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केलं. तेच पुढे ‘फ्री डिश’ झालं. एकदा छत्री आणि डब्बा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्यांबरोबर सह्याद्रीही त्यावर दिसू लागली. लोक ‘फुकट’ या शब्दावर खूश झाले. आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती : त्या सिग्नलला कुलूप नव्हतं. कोणत्याही कंपनीचा डब्बा चालायचा, आणि संगणकातलं साधं डीव्हीबी-एस कार्डही चालायचं.

या कार्डाला काम फार थोडं. उपग्रहावरून कार्यक्रम आधीच दाबलेला, एमपेग-2 मध्ये येतो. कार्डाने तो उचलायचा आणि जसाच्या तसा डिस्कवर लिहायचा. पुन्हा दाबणं नाही, दर्जा उतरणं नाही. जे आकाशातून आलं तेच तुमच्या डिस्कवर, बाइटाला बाइट. वाहिनीचा वेग 4 मेगाबिट धरला तर तासाला 1.8 गिगाबाइट, 160 गिगाबाइटच्या डिस्कवर ऐंशीच्या वर तास. जुनापाना पेंटियम-3 पुरतो.

आणि पुरानी बस्तीत छत्री बसवायची तर तिथलं भूगोलही सोबतीला होतं. ही सेवा पुढे 93.5 अंश पूर्वेच्या उपग्रहावर आली. रायपूर साधारण 81.6 पूर्व, 21.25 उत्तर. गणित केलं तर छत्रीचं तोंड दक्षिण-आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे 150 अंशांवर, आणि क्षितिजापासून तब्बल 62 अंश वर येतं. 1975 चा एटीएस-6 मात्र 35 पूर्वेला होता. त्याच्यासाठी रायपूरच्या जाळीला पश्चिम-नैऋत्येकडे फक्त 32-33 अंश वर बघावं लागे. उघड्या शेतावर ते चालतं. दोन घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या गल्लीत शेजाऱ्याचा दुसरा मजला आड आला असता. 62 अंशांवर शेजारी आड येत नाही. गच्चीच्या कोपऱ्यात छत्री बसते.

हार्डवेअरबद्दल एक शेवटचं. जर्मनीतली आणि अमेरिकेतली मंडळी आवाज न करणाऱ्या, पंखा नसलेल्या पेट्यांच्या मागे असायची. बैठकीच्या खोलीत घरघर नको म्हणून. रायपुरात मे महिन्यात पारा 44-45 ला जातो आणि बहुतेक हार्ड डिस्कांची मर्यादा 55-60 अंशांच्या आसपास असते. तिथे बिनपंख्याची पेटी म्हणजे डिस्क भट्टीत घालणं. मोठी पत्र्याची पेटी, डिस्कसमोर एक मोठा हळू फिरणारा पंखा, यंत्र बैठकीत न ठेवता आतल्या खोलीत. घरघर होऊ द्यावी.

आता सॉफ्टवेअर. विंडोजचं मीडिया सेंटर 2002 मध्ये आलं होतं, पण हौशी जगात खरी जोडी दोनच नावांची : व्हीडीआर आणि मिथटीव्ही. व्हीडीआर क्लाउस श्मिडिंगर या जर्मन गृहस्थांनी 2000 च्या सुमारास लिहिलं. मिथटीव्ही आयझॅक रिचर्ड्स या अमेरिकन तरुणाने 2002 मध्ये सुरू केलं. दोन्ही फुकट, दोन्हींचा स्रोत उघडा. अमेरिकेत 1999 मध्ये टिवो नावाचं तयार यंत्र बाजारात आलं होतं, मिथटीव्ही हे त्याला घरगुती उत्तर.

दिसायला मिथटीव्ही देखणं. एका खोलीत रेकॉर्डिंग करणारा संगणक, दुसऱ्या खोलीत बघणारा. जाहिराती ओळखून वगळण्याची सोय. हवामान, गाणी, फोटो, काय म्हणाल ते. त्याच्या पोटात मात्र मायएसक्यूएल नावाची माहितीची कोठी होती आणि सगळं ज्ञान त्या कोठीत. डिस्कवरच्या फाइलीचं नाव म्हणजे नुसता आकडा. त्यात सुरुवातीच्या काळात ॲनालॉग कार्डावरून घेतलेलं रेकॉर्डिंग नपलव्हिडिओ नावाच्या साच्यात जाई. त्याची .एनयूव्ही फाइल आज उघडायची म्हटली तर बरीच शोधाशोध करावी लागते.

व्हीडीआर दिसायला रुक्ष. काळ्या-निळ्या पट्ट्या, जुन्या जर्मन डब्ब्यासारखा तोंडवळा. पण ते प्रत्येक कार्यक्रमाचं एक फोल्डर करतं, फोल्डरला कार्यक्रमाचं नाव देतं, आत तारीख-वेळेचं फोल्डर, आणि त्यात वाहिनीवरून आलेला मजकूर साध्या लिखाणात. मधली कोठी नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी काय कुठे आहे ते वाचता येतं. मला कोणी विचारलं तर मी व्हीडीआर म्हणेन, आणि तेव्हाही फार लोक म्हणत नव्हते. बहुतेक जण देखणेपणावर गेले.

वीज गेली तर काय, हा प्रश्न परदेशातल्या मार्गदर्शनात एका ओळीत उरकलेला असे. आपल्याकडे तो मोठा. दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होतो का. ही सोय मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते आणि ती विकत घेण्याआधी विचारायची असते, नंतर नाही. दोन, अर्ध्यावर तुटलेली फाइल चालते का. एमपेगचा जो प्रवाह उपग्रहावरून येतो तो मुळातच कुठूनही पकडावा असा रचलेला असतो, कारण प्रेक्षक टीव्ही कधीही लावतो. त्यामुळे वीज गेली त्या क्षणापर्यंतचा कार्यक्रम शाबूत राहतो. उलट जागा वाचवायला तो लगेच एमपी-4 मध्ये बदलत असाल आणि मध्येच वीज गेली, तर सूची शेवटी लिहायची राहते आणि फाइल सहसा उघडतच नाही.

कायद्याचं काय, असं दर भागाखाली कोणीतरी विचारतं. अमेरिकेत सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1984 मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी घरगुती रेकॉर्डिंगला मोकळीक मिळाली. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 39 आहे. स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग केलं तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही, असं ते सांगतं. त्यातल्या नाटकाचे, सिनेमाचे, गाण्याचे हक्क वेगळे असतात, त्यामुळे कॉप्या काढून वाटणं या मोकळिकीत बसत नाही. 2012 च्या दुरुस्तीने कलम 65-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणं गुन्हा ठरलं.

कुलपाचा विषय निघालाच आहे तर तिसरा प्रकारही सांगून टाकतो. अल्फा मराठी 1999 मध्ये आली, तीच पुढे झी मराठी. ई टीव्ही मराठी 2000 मध्ये. स्टार प्रवाह 2008 मध्ये. रायपूरच्या मराठी घरांना या वाहिन्या हव्या असत, आणि डीटीएचवर त्या सगळ्या कुलूपबंद. त्यांच्यासाठी कंपन्यांनी रेकॉर्डिंगवाले डब्बे काढले. वापरायला अतिशय सोपे, आजीलाही जमेल असे. पण त्यातली डिस्क काढून संगणकाला लावली तर काही वाचता येत नाही. रेकॉर्डिंग त्या डब्ब्याशी बांधलेलं. डब्बा बिघडला, वर्गणी थांबली, कंपनी बदलली, की साठवलेलं गेलं. हौशी लोकांनी एक पळवाट ठेवली होती : डब्ब्याच्या मागच्या पिवळ्या पिनेतून ॲनालॉग चित्र काढायचं आणि ते पुन्हा पीव्हीआर-250 सारख्या कार्डात घालायचं. डिजिटलचं ॲनालॉग, ॲनालॉगचं पुन्हा डिजिटल. चित्र जरा धुरकट. पण ते धुरकट चित्र आज दिसतं, आणि डब्ब्यातलं लखलखीत चित्र कुठेही नाही.

रायपूरच्या बाबतीत या कहाणीला एक शेपूट आहे. दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये 16 शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रसारण सुरू केलं. त्यात मुंबई होती, औरंगाबाद होतं, आणि रायपूरही होतं. नागपूर नव्हतं. हाही सिग्नल कुलपाशिवायचा, लहानशा यूएसबी कांडीवर येणारा. पण त्यावर सह्याद्री नव्हती. मराठीसाठी गच्चीवरची छत्रीच.

बऱ्याच श्रोत्यांनी मागे विचारलं होतं, की काका किंवा वडील गेले, त्यांच्या खोलीत असा एखादा संगणक निघाला, तर त्यातलं काय वाचवता येईल? आधी तो चालू करू नका. डिस्क काढा, दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावा, फक्त वाचण्यापुरती, आणि सगळ्याची नक्कल घ्या. नावाची फोल्डरं दिसली तर व्हीडीआर आहे, काम सोपं. नुसते आकडे दिसले तर मिथटीव्ही. समजा नाव आहे 1007_20060501203000. पहिले चार आकडे वाहिनीचा क्रमांक. नंतरचे चौदा वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद : 1 मे 2006, रात्री साडेआठ. म्हणजे महाराष्ट्र दिनाचा काहीतरी कार्यक्रम असावा. एकाच क्रमांकाच्या दोन-तीन फाइली उघडून वाहिनी कोणती ते ठरवा आणि यादी करायला घ्या. 2012 च्या शेवटी किंवा नंतर घातलेलं मिथटीव्ही असेल तर ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा.